कर्णेवालीने माईक बंद केला नाही

त्या भागात कुठेही चार खुर्च्या मांडल्या गेल्या आणि कुणाला दोन शब्द बोलायचे असले, की पहिलं बोलावणं कर्णेवालीला जायचं. खांद्यावर वायरचं भेंडोळं, काखेत माईकचा दांडा आणि पुढे ढकलत आणलेल्या गाडीवर दोन जुने कर्णे नि एक अ‍ॅम्प्लिफायर, असा तिचा लवाजमा. ती आली की जमलेली माणसं आपोआप सरळ बसायची, कारण आता बोललेलं सगळ्यांना ऐकू जाणार असायचं.

धंदा तिच्या वडिलांचा. लहानपणी ती त्यांच्याबरोबर जायची आणि अ‍ॅम्प्लिफायरशेजारी बसून गृहपाठ करायची. भाऊ होता, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याचे डोळे फिरायचे. पुढे त्याला बँकेत नोकरी लागली, वडिलांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि दुकान विकायची भाषा सुरू झाली. तेव्हा ती म्हणाली, "मी चालवते."

"पोरीच्या जातीने खांबावर चढायचं? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते आपल्याच कर्ण्यातून म्हणतील ना, बाबा. भाडं तर आपल्यालाच मिळेल."

वडिलांना हसू आवरेना म्हणून ते पाण्याला उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिडी तिच्या हवाली केली आणि वर एक गोष्ट बजावली. आपला हात बटणाकडे जायचा तो फक्त माईक शिट्टी मारायला लागला तरच. समोरचा काय बोलतोय, ते आपल्याला पटतंय का, हे बघून बटण फिरवायचं नाही. ज्या दिवशी तसं फिरवलं, त्या दिवसापासून आपल्याला कोणी माईकवाला म्हणणार नाही, चमचा म्हणतील.

तिचं लग्नही कर्ण्यानेच जुळवलं. बेकरीत भट्टी सांभाळणारा एक तरुण एका सकाळी तणतणत आला. "मी रात्रभर पाव भाजतो. सकाळी जरा डोळा लागतो तर तुमचा कर्णा माझ्या उशीत येऊन बोलतो." ती काही न बोलता खांबावर चढली आणि कर्ण्याचं तोंड दुसरीकडे फिरवून खाली आली. दुसऱ्या दिवशी हा पुन्हा हजर.

"आता काय झालं? आवाज येतोय अजून?"

"आवाज नाही. झोपही नाही," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला. तो मुळातच कमी बोलणारा माणूस. एवढं बोलायला त्याला किती कष्ट पडले असतील ते तिच्या लक्षात आलं, आणि पुढचं बोलायचं काम तिनेच केलं.

सासरी सासूबाई होत्या. त्यांना ऐकू कमी यायचं. कानातलं यंत्र त्यांना टोचायचं, म्हणून ते डबीत. घरात त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं आणि ओरडून बोललं की त्या म्हणायच्या, "भांडतेस कशाला?" पण सून कर्णेवाली निघाल्यावर त्यांचं नशीबच उघडलं. कुठलीही सभा असो, त्या पहिल्या रांगेत, बरोबर कर्ण्याखाली खुर्ची टाकून बसायच्या. तिथे त्यांना शब्द न् शब्द ऐकू यायचा. घरी आल्यावर कोण काय म्हणालं, त्यातलं कोणाचं मागच्या सभेतल्या बोलण्याशी जुळत नाही, हे त्या जेवताना ऐकवायच्या. मुलगा मान डोलवायचा आणि सून पोट धरून हसायची.

सगळं असं मजेत चाललं होतं. मग पोहण्याच्या टँकचा वाद निघाला.

भागात एक सार्वजनिक टँक होता. संध्याकाळचा एक तास फक्त बायकांसाठी राखलेला. ती वेळ कोणी ताटात वाढून दिली नव्हती. कर्णेवालीची नणंद आणि तिच्या मैत्रिणी कित्येक संध्याकाळी टँकच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसल्या होत्या, तेव्हा ती मिळाली होती. आता टँकच्या समितीने फाटकावर सूचना लावली: बायकांच्या वेळेला कोणी येत नसल्याने ती वेळ मुलांच्या स्पर्धेच्या सरावाला द्यायचा विचार आहे, हरकत असल्यास सभेत सांगावी.

सभेला हॉल भरून गेला. अध्यक्ष म्हणून समितीचेच एक सभासद, औषधाच्या दुकानाचे काका बसले होते. माईक अर्थात कर्णेवालीचा. भिंतीशी टेबल टाकून ती अ‍ॅम्प्लिफायर सांभाळत होती. सासूबाई ठरल्या जागी.

पहिले बोलायला उठले पोहण्याचे मास्तर. अर्ध्या भागाला त्यांनीच पोहायला शिकवलेलं. गळ्यात शिट्टी, आवाज असा की त्यांना माईक देणं म्हणजे विजेची नासाडी. माणूस सरळ होता, मनात एक नि ओठावर एक असा प्रकार नव्हता. ते म्हणाले, "बायकांची वेळ रिकामी जाते. हे मी रोज बघतो. बायकांना पोहण्याची आवडच नसते. त्यांना काठावर बसून गप्पा मारायच्या असतात. माझी पोरं मात्र एकमेकांच्या डोक्यावर आपटतायत."

झालं. हॉल नुसता पेटला. बायका उभ्या राहिल्या, कोणी बाक वाजवायला लागली, आणि मागून आरोळी आली, "माईक बंद कर त्यांचा." मग सगळ्यांनीच तो धोशा लावला. नणंद पदर खोचून थेट टेबलापाशी आली आणि तिने बटणाकडे हात नेला. कर्णेवालीने आपला तळवा बटणावर ठेवला.

"ताई, हात काढा."

"वहिनी, ऐकलंस ना काय बोलतायत? बंद कर."

"ऐकलं. मलाही राग आलाय. पण त्यांचं झालं नाही अजून."

"तू आमच्या बाजूची की त्यांच्या?"

"मी तुमच्या बाजूची आहे. माईक कोणाच्याच नाही."

नणंदेने तिच्याकडे जळजळीत नजरेने बघितलं. पण कर्णेवालीने तळवा हलवला नाही. मास्तरांचं बोलणं पुरं झालं. मग बायकांची पाळी. एकीमागून एक येऊन सांगायला लागली: आम्ही रोज जातो, टँकमध्ये पाय ठेवायला जागा नसते, मास्तरांचे डोळे तपासा. शेवटी नणंद बोलली. "मी स्वतः एक दिवस चुकवत नाही," ती म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या विरल्या तशा सासूबाई उठल्या. त्यांनी माईक मागितला. आजवर त्या सभेत फक्त ऐकायच्या, म्हणून सगळे कौतुकाने गप्प झाले. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"ही माझी मुलगी. गुणाची आहे. पण हिचा पोहण्याचा पोशाख कपाटात आहे आणि त्याचं दुकानातलं लेबल अजून काढलेलं नाही. काल हिच्या घरी जाऊन मीच कपाट आवरलं."

मग हॉलच्या एका कोपऱ्यातून हसू फुटलं आणि बघता बघता सगळीकडे पसरलं. बायकाही हसायला लागल्या, कारण ज्या जोरजोरात बोलून गेल्या होत्या त्यांच्यातल्या बऱ्याचजणींच्या कपाटात तीच गत होती. नणंदेला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. मास्तर छाती फुगवून म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

आणि तेव्हा कर्णेवाली टेबलामागून उठली. इतक्या वर्षांत ती माईकमध्ये 'हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन' याच्या पुढे गेली नव्हती. तिने माईक हातात घेतला.

"मास्तर म्हणतात बायका येत नाहीत. आमच्या आईंचं ऐकल्यावर ते खरंच दिसतंय. आपण उगाच नाही म्हणून उपयोग नाही. पण मास्तर, बायकांना आवड नाही, हे तुम्हाला कसं कळलं? कोणाला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? दिसतंय की."

"रिकामा टँक दिसतो. आवड कशी दिसेल?"

ती अध्यक्षांकडे वळली. "काका, माझं म्हणणं एवढंच आहे. आज आपण सगळे आपापल्या अंदाजावर भांडतोय. पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू. मधल्या दिवसांत ज्याने त्याने जाऊन बघावं, विचारावं, आणि येताना फक्त स्वतः बघितलेलं नि स्वतः ऐकलेलं घेऊन यावं. मग काय भांडायचं ते भांडू."

काकांना चहाची तल्लफ आली होती. त्यांनी लगेच सभा तहकूब केली.

चार दिवस नणंदेने बोलणं टाकलं. ती पुढच्याच गल्लीत राहायची आणि रोज पाव न्यायला बेकरीत यायची. आता तिने मुलाला पाठवायला सुरुवात केली. शेवटी कर्णेवालीच गरम पाव घेऊन तिच्या दारात उभी राहिली.

"चार लोकांत माझी शोभा केलीस," नणंद म्हणाली.

"मी नाही, आईंनी."

"मास्तरांचा माईक वेळीच बंद केला असतास तर आईंपर्यंत गोष्टच गेली नसती."

"आणि उद्या मास्तरांनी तुमचा बंद करायला सांगितला असता, तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हटलं असतं? ताई, तुम्ही पायऱ्यांवर बसलात तेव्हा पण लोक ओरडत होते, यांना गप्प करा म्हणून. माईक माझ्या बाबांचा होता. त्यांनी नाही केला बंद."

नणंदेने पाव घेतला. तुकडा मोडला, खाल्ला. ही चिन्हं बरी होती. कर्णेवालीने मग हळूच विचारलं, "खरं सांगा, का जात नाही? मास्तर शिट्ट्या मारून ओरडतात म्हणून ना?" तिची याबद्दल खात्रीच होती. सभेत उभं राहून काय सुनवायचं याची वाक्यंसुद्धा तिने भाजी चिरता चिरता जुळवून ठेवली होती.

"छे गं. त्यांच्या शिट्टीचा उलट आधार वाटतो. बुडायला लागले तर कोणीतरी बघतंय असं वाटतं."

"मग?"

नणंद जरा घुटमळली. "सांगायलाही लाज वाटते, इतकी फालतू गोष्ट आहे. कपडे बदलायच्या खोलीची कडी तुटलीय. आतला बल्ब उडालाय. दार उघडतं ते बोळात, आणि बोळात पुढच्या वेळेची पोरं ताटकळत उभी. एका हाताने दार आत ओढून धरायचं आणि अंधारात एका पायावर उभं राहून कपडे बदलायचे. एकदा तशीच आपटले. उठले आणि घरी आले. एवढ्याशा कडीची तक्रार घेऊन कोणाकडे जायचं?"

त्याच संध्याकाळी दोघी टँकवर गेल्या. कर्णेवालीने विजेरी नेली होती. तिने ती खोली बघितली, दार लावून बघितलं, एका पायावर उभं राहून बघितलं आणि तोल जाऊन नणंदेच्या अंगावर पडली. दोघी तिथेच ओल्या फरशीवर बसून हसत राहिल्या. बाहेरून राखणदाराने विचारलं, "काय झालं?" नणंद म्हणाली, "तपास चाललाय."

मग विचारपूस सुरू झाली. कर्णेवाली घरोघर गेली. तिच्या नवऱ्यानेही अंगात नसलेलं धाडस करून बेकरीच्या गल्ल्यावर बायकांना विचारायला सुरुवात केली. "पाव किती देऊ?" याच्या मागोमाग खाली बघत "आणि तुम्ही पोहायला का जात नाही?" असं तो विचारायचा. पहिल्या बाईने पाव न घेताच दुकान सोडलं. मग सासूबाई शेजारी स्टूल टाकून बसायला लागल्या, म्हणजे प्रश्न सभ्य वाटायचा. उत्तरं त्यांना ऐकू यायची नाहीत, म्हणून बायका त्यांना ओरडून सांगायच्या, आणि रांगेतल्या बाकीच्या आपोआप त्यात भर घालायच्या. बहुतेक जणी कडी, अंधार नि बोळ यांच्यावरच येऊन थांबत. शिवणकाम करणारी बाई मात्र म्हणाली, "मला पाणीच आवडत नाही. मास्तर माझ्याबद्दल शंभर टक्के खरं बोलले." तेही लक्षात ठेवलं गेलं.

पुढच्या सभेला जागा पुरेना. खिडक्यांत माणसं बसली. या वेळी अध्यक्षांनी आधी कर्णेवालीलाच बोलावलं.

"पहिली माझी चूक सांगते," ती म्हणाली. "मला वाटत होतं बायका मास्तरांच्या ओरडण्याला कंटाळल्यात. मी अगदी शपथेवर सांगितलं असतं. पण विचारलं तर एकही तसं म्हणाली नाही. उलट त्यांच्या शिट्टीमुळे धीर येतो म्हणतात. तेव्हा मास्तर, मी मनातल्या मनात तुम्हाला बरंच बोलले होते, ते सगळं परत घेते."

मास्तरांनी उगीचच शिट्टी सारखी केली.

मग तिने खोलीचं सांगितलं. कडी, बल्ब, दार, बोळ. मास्तर उठूनच उभे राहिले.

"कडी तुटलीय? मला कोणी बोललं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"अहो, पण मला कळणार कसं? मी बायकांच्या खोलीत कसा जाणार?"

हॉल हसून हसून कोसळायची वेळ आली. कर्णेवालीलाही हसू आवरेना, तरी तिने माईक सोडला नाही.

"नाहीच जायचं, मास्तर. म्हणून तर म्हणते, तिथलं आम्हालाच बोलू द्या. आणि आम्ही एवढ्या वर्षांत तोंड उघडलं नाही, कडीची काय तक्रार करायची म्हणून लाजत बसलो, ही आमची बाजूही लंगडीच."

मास्तर उभेच होते. डोक्यात हिशेब चाललेला दिसत होता. अखेर त्यांनी माईक मागितला आणि शाळेतल्या मुलाने उत्तर तपासावं तसं सावकाश बोलले. "मागच्या वेळी मी दोन वाक्यं बोललो. बायका येत नाहीत हे पहिलं. ते बरोबर होतं. आवड नाही हे दुसरं. ते चूक."

"माझ्यापुरतं बरोबर आहे, मास्तर," शिवणवाली खिडकीतून म्हणाली.

"आभारी आहे," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले. "पण तिसरंही एक वाक्य होतं. माझी पोरं एकमेकांवर आपटतायत. त्याचं काय?"

इथे गंमत झाली. गेल्या खेपेला माईक बंद करायला धावलेली नणंद उठली. "मी काल मुद्दाम मुलांच्या वेळेला जाऊन बसले होते. मास्तर खरं सांगतायत. दोन पोरांच्या कपाळांवर टेंगळं मी स्वतः बघितली. त्यांना वेळ हवाच आहे. पण आमचा तास कशाला घेता? सुट्टीच्या दिवशी सकाळचे दोन तास समितीच्या सभासदांसाठी राखून ठेवलेत. त्या वेळेला कोण येतं?"

सगळ्यांच्या नजरा व्यासपीठाकडे वळल्या. औषधवाले काका खोकले.

"काका, तुम्ही शेवटचे पाण्यात कधी उतरलात?" मास्तरांनी विचारलं.

"मला सर्दीचा त्रास आहे," काका म्हणाले. "दुकानात औषधं असून जात नाही."

पुढे चर्चा अशी राहिलीच नाही. सुट्टीची सकाळ मुलांना गेली, बायकांचा तास बायकांकडे राहिला, आणि कडीसाठी तर ठरावसुद्धा लागला नाही. सुताराने सभेतूनच हात वर करून सांगितलं की तो सकाळी जाऊन बसवून देईल आणि दार आतल्या बाजूला उघडेल असं करून देईल. बल्ब कर्णेवालीने लावला. तिच्याकडे त्यांचा खोकाच होता.

पहिल्या संध्याकाळी बायका इतक्या आल्या की मास्तरांना काठावर उभं राहायला जागा उरली नाही. त्यांनी राखणदाराच्या खुर्चीवर चढून शिकवलं. काही जणी खरोखरच काठावर बसून गप्पा मारत होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बोट दाखवलं, तशी नणंद पाण्यातून डोकं काढून म्हणाली, "त्याचीही आवड असते, मास्तर. दोन्ही चालतं." कर्णेवाली पहिल्याच दिवशी नाकातोंडात पाणी जाऊन खोकत बाहेर आली आणि पुन्हा उतरली. माईक धरणाऱ्या माणसाला श्वास कधी घ्यायचा हे कळत नाही, असं मास्तरांचं निदान होतं.

यातून सभांची मात्र सगळ्यांना चटकच लागली. टँकचा निकाल लागला तरी माणसं दर महिन्याला हॉलमध्ये जमायला लागली. नियम दोनच: कोणालाही मध्येच गप्प करायचं नाही, आणि बोलणाऱ्याने हे आपल्याला कसं कळलं ते सांगायचं. त्या दुसऱ्या नियमाने भलेभले गोत्यात आले. "सगळेच म्हणतात" असं कोणी म्हटलं की सासूबाई पहिल्या रांगेतून विचारायच्या, "सगळे म्हणजे कोण? मला तर कोणी नाही म्हणालं." आणि पुन्हा एकदा हशा.

एका महिन्यात विषय निघाला तो थेट कर्णेवालीच्या घरातला. शिवणवाली उठून म्हणाली की बेकरीतला पाव पूर्वीपेक्षा लहान झालाय. बेकरीवाला मागच्या दाराशी उभा होता, त्याचा चेहरा पिठासारखा झाला. त्याने टेबलाकडे असहायपणे बघितलं. बायकोने शिवणवालीसमोर माईकचा दांडा जरा खाली घेतला, म्हणजे तिला टाचा उंचवाव्या लागू नयेत.

मग त्यालाही यावं लागलं. जन्मात कधी सभेत बोलला नव्हता. त्याने माईककडे न बघता सांगितलं की साचे नवे आहेत, रुंद आहेत, म्हणून पाव बसका दिसतो, पण पीठ तेवढंच पडतं. "तुला कसं कळलं?" त्याच्या आईनेच विचारलं. "मीच मळतो, आई," तो म्हणाला, आणि सगळ्या हॉलने त्याला टाळ्या दिल्या. तरी शिवणवालीचं समाधान होईना. तेव्हा काकांनी दुकानातला तराजू मागवला आणि बेकरीवाला धावत जाऊन त्या दिवशीचे उरलेले पाव टोपलीभर घेऊन आला. जुन्या साच्यातला एक पाव तुलनेला हवा होता, तो भाजायला तो पुन्हा भट्टीकडे पळाला.

तो येईपर्यंत टोपली पहिल्या रांगेतून मागे फिरत राहिली. ताजा पाव, सभा लांबलेली, सगळ्यांना भूक. मास्तरांनी एक तुकडा मोडून बघितला, नुसता अंदाज घ्यायला. बेकरीवाला गरम पाव फडक्यात गुंडाळून परत आला तेव्हा तराजू तयार होता, टोपली मात्र रिकामी होती. अध्यक्षांनी तोंड पुसलं आणि पुरावा शिल्लक नसल्यामुळे विषय पुढच्या महिन्यावर ढकलला. शिवणवालीने सुचवलं की तेव्हा पाव जरा जास्तच आणावेत, आणि तो ठराव एकमताने मंजूर झाला.